अर्थ नसलेले यंत्र

दुरुस्तीच्या दुकानात यंत्र परत देताना एक ठरलेला विधी असतो. मिस्त्री प्लग खोचतो, बटण दाबतो, यंत्र घरघरते आणि तो विजयी मुद्रेने आपल्याकडे पाहतो. आपणही पैसे मोजून बाहेर पडतो. चालले म्हणजे दुरुस्त झाले, असा हा उभयपक्षी करार आहे. पंख्याच्या बाबतीत तो एक वेळ खपून जाईल. गालिचे धुण्याच्या यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे एकाच पत्र्याच्या पोटात पाण्याची टाकी आणि २३० व्होल्टांची मोटर शेजारी-शेजारी नांदत असतात.

आमच्याकडे असे एक यंत्र आहे. गेल्या दिवाळीआधी ते दुरुस्त होऊन आले आणि उत्तम चालू लागले. कामाच्या मावशी मात्र दोनच मिनिटांत म्हणाल्या, "सर, हाताला मुंग्या येतात." चपला घालून कोरड्यात उभ्या असलेल्या माणसाला ते कळलेही नसते, मावशी ओल्या फरशीवर अनवाणी होत्या. दुरुस्तीचे पैसे देणारा एक आणि यंत्राचा दांडा धरणारा दुसरा, ही आपल्या घरांतली नेहमीची वाटणी. प्लग ताबडतोब काढला आणि यंत्र दुसऱ्या मिस्त्रींकडे नेले.

हे मिस्त्री वयस्क. त्यांनी यंत्राला वीज लावलीच नाही. आधी वायर बोटांनी चाचपली, मग प्लगच्या जाड पिनेपासून पत्र्यापर्यंत मीटर लावला आणि म्हणाले, "सर, याला अर्थच नाही!" हे वाक्य मी नवकवितेबद्दल पुष्कळदा ऐकले आहे, यंत्राबद्दल प्रथमच. त्यांचा 'अर्थ' म्हणजे जमिनीकडे जाणारी हिरवी तार. आधीच्या दुरुस्तीत ती आत जोडायचीच राहिली होती. प्लगची ही तिसरी पिन लांब असते ती शोभेसाठी नव्हे. खोचताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी, अशी योजना आहे. तिच्यापासून पत्र्यापर्यंतचा रोध एका ओहमच्या लहानशा अंशाइतकाच हवा. इथे वाटच तुटलेली.

मग त्यांनी मेगर काढला. साधा मीटर बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टांवर मोजतो; एवढ्याशा दाबाला ओलसर वेष्टन आपले दोष सांगत नाही. मेगर ५०० व्होल्टांचा दाब देतो. घरातली वीजही दर आवर्तनात सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत उसळतेच, तेव्हा हा दाब अवाजवी नाही. यंत्राचे बटण चालू स्थितीत ठेवून (नाहीतर मोटर तपासलीच जात नाही) त्यांनी फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून पत्र्याशी मोजले. निदान १ मेगओहम हवा, आला ०.२. साबणाचा फेस शोषनळीतून मोटरपर्यंत पोचला होता. तेवढ्या वाटेने एखादा मिलिअँपिअर बाहेर येतो, मुंग्या येण्यापुरता. ओल वाढली असती तर मुंग्यांवर भागले नसते.

"पण आमच्याकडे ट्रिप होणारा स्विच आहे," मी म्हणालो.

"तो वायर जळू नये म्हणून, सर. माणसासाठी नाही."

खरेच आहे. १६ अँपिअरचा एमसीबी सोळापर्यंत स्वस्थ बसतो. माणसाला अँपिअरचा दहावा हिस्साही जीवघेणा ठरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी वेगळा बसवावा लागतो.

काही यंत्रांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांचे वेष्टन दुहेरी, त्यांना अर्थची तारच नसते. तिथे पहिली चाचणी गैरलागू. सगळी भिस्त मेगरवर, आणि आकडाही दुप्पट, २ मेगओहम, मागितला जातो.

मिस्त्रींनी मोटर वाळवली, रबरी सील बदलला, हिरवी तार जोडली. पुन्हा मोजले तेव्हा ५० मेगओहमांच्या वर आकडा आला. दोन्ही चाचण्यांचे आकडे मी बिलावर लिहून मागितले. त्यांनी ते लिहिले. चाचणीचे वेगळे पैसे मात्र घेतले नाहीत.

घरी येऊन मावशींना ते आकडे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रबरी चपला मागितल्या. त्या मी त्याच संध्याकाळी आणून दिल्या.