मागच्या आसनावरचा दुर्लक्षित प्रवासी

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले आणि मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा का बांधावा, याची चर्चा घरोघरी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मोटारीतील सर्वांना पट्टा सक्तीचा केला. या सक्तीच्या कक्षेत न येणारा एक प्रवासी मात्र आज अनेक कुटुंबांबरोबर महामार्गावर असतो. तो म्हणजे घरातला लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड.

मोठ्या कुत्र्यासाठी प्रवासाचे पर्याय मुळातच मोजके. रेल्वेत त्याला सोबत न्यायचे तर प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे राखून ठेवावा लागतो. विमानाच्या केबिनमधील मुभा लहान प्राण्यांपुरतीच आहे. उरते ती घरची मोटार. तिथे तो मोकळाच बसतो, खिडकीतून डोके बाहेर काढतो आणि मुलांना त्याचे कौतुक वाटते.

धोका लक्षात येण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून थांबली, तर आतला ३० किलोचा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा वेग सुमारे १० मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका आहे. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरला आघाताची ऊर्जा चौपट होते. अशा वेळी जीव केवळ कुत्र्याचाच जात नाही. समोर बसलेल्याची मानही त्याच्या मार्गात असते.

कायदा याबाबत संदिग्ध आहे. चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल असे काही ठेवण्यास मोटार वाहन कायद्याचे १२५ वे कलम मनाई करते. प्राण्याला यातना होतील अशी वाहतूक १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मधील ५७ वा नियम मात्र कुत्र्याला आवरून ठेवण्याची स्पष्ट सूचना देतो.

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगे बरेच आहे. पट्टा गळ्याला न जोडता छातीभोवतीच्या रुंद हार्नेसला जोडावा. गळपट्ट्याला दिलेला झटका मान मोडू शकतो. एअरबॅगमुळे पुढचे आसन वर्ज्य. हॅचबॅक किंवा एसयूव्हीत मागच्या भागात भक्कम जाळी अथवा घट्ट बांधलेला पिंजरा उत्तम. सेडानची बंद डिकी कधीही नाही. हार्नेस घेतानाही सावध असावे. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ने २०१३ मध्ये घेतलेल्या आघात चाचण्यांत बाजारातील अनेक हार्नेस टिकले नव्हते.

दुसरा धोका उभ्या मोटारीत आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांच्या अभ्यासात, बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढल्याचे दिसले. त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती. खिडकीची फट ठेवून फारसा फरक पडला नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ हे वाक्य म्हणूनच घातक ठरू शकते.

कुत्रा घरातला सदस्य आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. सदस्य असेल, तर मोटारीत त्याच्यासाठीही पट्टा असायला हवा.