रात्री डॉक्टर नसल्याने गेलेला जीव आणि चौकशी अहवालातील खोटी नोंद : ग्रामस्थांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद.

विषय : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री वैद्यकीय अधिकारी नसणे, सर्पदंशाने झालेला अकरावीच्या विद्यार्थिनीचा मृत्यू व त्याच्या चौकशी अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करणे याबाबत.

संदर्भ :
1) मागील वर्षी भातकापणीच्या हंगामात ग्रामस्थांनी दिलेले निवेदन (आवक शिक्क्याची प्रत सोबत).
2) 15 ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव.
3) तालुक्याच्या आमसभेत आरोग्य विभागाने दिलेले तोंडी उत्तर.
4) माहिती अधिकारात मिळालेली चौकशी अहवालाची प्रत.
5) आमची स्मरणपत्रे. उत्तर नाही.

महोदय,

खाली सह्या व अंगठे केलेले आम्ही सात वाड्यांचे ग्रामस्थ हे निवेदन सादर करीत आहोत. आधीच्या कागदांना उत्तर मिळाले असते तर या कागदाची गरज पडली नसती. मुख्यालयी वास्तव्य, 24 तास सेवा, औषधसाठा यांविषयीचे शासन निर्णय आपणांस पाठ असतील. ते पुन्हा उतरवून आपला वेळ घेत नाही.

गेल्या जुलैत आमच्या वाडीतली 16 वर्षांची मुलगी मण्यार चावून गेली. तिचे नाव या निवेदनात मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्या विभागाच्या अहवालावरून वर्तमानपत्रांनी तिच्या फोटोखाली अंधश्रद्धेचे मथळे छापले. त्यानंतर आईवडिलांनी आम्हांला सांगितले की यापुढे तिचे नाव कोणत्याही वादात नको. आपल्या दप्तरी ते आहेच.

अहवालात तिच्याविषयी 'स्त्री, वय 16, सर्पदंश' एवढेच आहे. वाडीला ती याहून जास्त ठाऊक आहे. अकरावी सायन्सला होती, पहाटेच्या एस.टी.ने तालुक्याला जायची. परत आल्यावर दहावीच्या पोरांना देवळाच्या ओसरीवर गणित शिकवायची. खो-खोत शाळेची कप्तान होती. बायाबापड्यांचे आधार, रेशन, पीक विमा यांचे ऑनलाइन फॉर्म तिच्याच मोबाईलवरून भरले जात. ओटीपी आला की लोक धावत तिच्या घरी जात. अक्षर इतके सुरेख, की ग्रामपंचायतीला असो वा तहसीलला, वाडीचा प्रत्येक अर्ज तीच लिहायची.

संदर्भ क्र. 1 चे निवेदनही तिनेच लिहिलेले आहे. आपल्या आवक शाखेत ते अजून असेल तर कृपया काढून पाहावे.

ते का लिहावे लागले, हेही सांगतो. मागील वर्षी कापणीत शेजारच्या एका आजींना लाल विंचू चावला. अंगाला दरदरून घाम, उलट्या, छाती धडधडते. कोणीतरी उतारा टाकायचे काढले. या मुलीने कोणाचे ऐकले नाही. रिक्षा बोलावली आणि आजींना आरोग्य केंद्रात नेले. तेथे डॉक्टर नव्हते. आजींना तसेच पुढे खाजगी दवाखान्यात न्यावे लागले, आणि दैव बलवत्तर म्हणून त्या वाचल्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देण्याची उपचारपद्धती आपल्या कोकणातच, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी घडवली आणि जगाने ती घेतली. त्याच कोकणातल्या सरकारी केंद्रात ती गोळी द्यायला रात्री माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून कागद आणला, आम्ही सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. 'रात्री डॉक्टर राहावेत, एवढीच विनंती' हे त्यातले शेवटचे वाक्य आहे. त्यावर तालुका आरोग्य अधिकारी म्हणाले होते, 'आठ दिवसांत रात्रपाळी लावतो.' त्या आठ दिवसांवर दिवाळी गेली, शिमगा गेला, पावसाळा आला.

आता जुलैच्या त्या रात्रीविषयी. अहवालात जे नाही, ते येथे नोंदवीत आहोत.

ती माजघरात खाली गोधडीवर झोपली होती. पहाटे अडीचच्या सुमारास पोटात दुखते म्हणून उठली. मण्यारच्या दंशाला ना फारशी वेदना, ना सूज, हे आपण वैद्यक शिकलेले आहात, आपणांस माहीत आहे. आईला वाटले पित्त असेल. थोड्याच वेळात पापण्या जड झाल्या आणि ती म्हणाली, 'आई, डोळे उघडत नाहीत.' वडिलांनी बॅटरी मारली तेव्हा गोधडीच्या घडीत मण्यार दिसली. रिक्षा दारात आली आणि तीनच्या ठोक्याला ती आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात होती. चालत उतरली. आपले नाव, वय आणि कधीपासून दुखते हे तिने सिस्टरांना स्वतः सांगितले.

वैद्यकीय अधिकारी निवासस्थानात नव्हते. निवासस्थानाला बाहेरून कुलूप होते आणि दारात गवत वाढलेले होते. फोन बराच वेळ लागला नाही. लागला तेव्हा उत्तर आले, 'खाली पाठवून द्या.'

सर्पदंशाची लस केंद्रात होती. ती फ्रीजमध्ये होती, फ्रीज औषधांच्या खोलीत होता, खोलीला कुलूप होते आणि किल्ली औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या खिशात, तालुक्याला होती. वाडीच्या पोरांनी विचारले, कुलूप तोडू का? सिस्टर रडत म्हणाल्या, तोडा, पण डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मी दहा बाटल्या कशा लावू, रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायला कोण आहे?

पुढे तिला गिळता येईना, मग बोलता येईना. श्वास उथळ झाला. त्या वेळी तिला गरज होती ती श्वास देण्याची. लस वेळेत गेली आणि श्वास चालू ठेवला तर मण्यारचा रुग्ण वाचतो, हे आम्ही आता शिकलो आहोत. केंद्रात अँब्यु बॅग एकच निघाली. ती बाळंतपणाच्या खोलीतली, नवजात बाळाची. मोठ्या माणसाची 'मागणी केलेली आहे' असे त्या वेळी सांगण्यात आले. कालपर्यंत ती मागणीच आहे.

केंद्राची गाडी दुरुस्तीला होती. 108 तालुक्याहून निघाली आणि घाट चढून येईपर्यंत साडेचार वाजून गेले. त्याआधीच ती गेली होती. दीड तास ती सरकारी दवाखान्यात होती, लसीपासून एका भिंतीच्या अंतरावर.

महोदय, एवढे दुःख आम्ही गिळले असते. खेड्यातल्या माणसाला त्याची सवय आहे. पण त्यानंतर आपल्या विभागाने जे केले, ते गिळता येत नाही.

चौकशी अहवालात लिहिले आहे की रुग्णास प्रथम गावठी उपचारासाठी भगताकडे नेल्याने विलंब झाला, रुग्ण पहाटे 5 वाजता मृतावस्थेत आणला गेला आणि केंद्रात लससाठा उपलब्ध होता. तीन विधानांपैकी शेवटचे खरे आहे. त्याचा उपयोग काय झाला ते वर सांगितले. पहिली दोन खोटी आहेत, आणि ती खोटी असल्याचे पुरावे आम्ही यापूर्वी दोनदा दिले आहेत. आणखी एकदा देतो.

भगताचे घर नदीपलीकडे आहे. त्या रात्री साकवावरून पाणी चालले होते. जायचे म्हटले असते तरी जाता आले नसते. पाण्याची नोंद तलाठ्यांकडे आहे.

दूध संकलन केंद्राच्या कॅमेऱ्यात आमची रिक्षा आरोग्य केंद्राकडे वळताना दिसते. चित्रणावर वेळ आहे. पोलीस पाटलांनी ते पंचांसमक्ष उतरवून घेतले आहे.

108 ला फोन आरोग्य केंद्राच्या आवारातून झाला. मुलगी पाच वाजता आली असेल, तर तीन वाजता तिच्यासाठी फोन कोणी केला, याचे उत्तर अहवाल लिहिणाऱ्यांनी द्यावे.

नोंदवहीत तिच्या नोंदीची शाई वेगळी आहे आणि वेळेवर खाडाखोड आहे. प्रत सोबत आहे.

आईवडील, रिक्षावाले, तेथे हजर असलेले शेजारी यांपैकी एकाचाही जबाब घेतलेला नाही. ज्या सिस्टरांनी शेवटपर्यंत तिचा हात धरला, त्यांची पंधरा दिवसांत दूरच्या उपकेंद्रात बदली झाली. डॉक्टर कुठे होते, हा प्रश्न अहवालात कोठेही विचारलेला नाही.

ज्या मुलीने उतारा टाकणाऱ्यांना थांबवून शेजारणीला दवाखान्यात नेले, तिच्या नावावर सरकारी कागदात भगत लिहिला गेला. आई बाजाराला जाते तेव्हा अनोळखी बायका तिला विचारतात, 'लवकर दवाखान्यात का नाही नेलंत?' याचे उत्तर तिने किती जणींना द्यावे?

आश्वासनांचेही एकदा सांगितले पाहिजे. तिच्या दहाव्याला आपण स्वतः वाडीत आला होता. देवळात बसून म्हणाला होता की 15 दिवसांत दोन वैद्यकीय अधिकारी रुजू होतील. एक आले, त्यांचा सत्कारही आम्हीच केला, आणि महिन्याच्या आत ते प्रतिनियुक्तीवर तालुक्याला गेले. ग्रामसभेच्या ठरावाला पोच मिळाली, उत्तर नाही. आमसभेत सांगितले गेले की 'अहवालाचे पुनर्विलोकन सुरू आहे.' माहिती अधिकारात विचारले तर असे कोणतेही पुनर्विलोकन दप्तरी नाही, असे लेखी आले. यांपैकी कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, हे कृपया कळवावे.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. चांगली गोष्ट आहे. पण मृत्यूची कारणेच खोटी लिहिली गेली, तर निम्मे झाले की नाही हे मोजणार कसे? तिच्या कागदावर दोष घरच्यांचा आहे, म्हणजे केंद्रात सुधारण्यासारखे काही नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

आमच्या मागण्या :

1. चौकशी अहवाल रद्द करून जिल्ह्याबाहेरील अधिकाऱ्यांकडून नव्याने चौकशी व्हावी. आईवडील, रिक्षाचालक, शेजारी व सिस्टर यांचे जबाब गावात येऊन घ्यावेत. भगताकडे नेल्याचा व मृतावस्थेत आणल्याचा मजकूर काढून टाकल्याचे लेखी पत्र आईवडिलांना द्यावे, आणि ज्या वर्तमानपत्रांना पहिला अहवाल पुरवला गेला त्यांना दुरुस्तीही पुरवावी.

2. मंजूर दोन्ही वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष केंद्रात द्यावेत, त्यांची प्रतिनियुक्ती रद्द करावी. रात्री कोण हजर आहे त्याचे नाव व मोबाईल क्रमांक दाराबाहेर फळ्यावर रोज लिहावा. 'आदेश काढला' हे उत्तर आम्ही धरणार नाही. निवासस्थानाचे कुलूप निघालेले दिसले पाहिजे.

3. लसीच्या खोलीची एक किल्ली रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याकडे असावी. मोठ्या माणसाची अँब्यु बॅग ठेवावी. परिचारिकांना सर्पदंशाच्या प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण व लस सुरू करण्याचा लेखी स्थायी आदेश द्यावा. सिस्टर पुन्हा अशा रात्री एकट्या पडू नयेत, एवढाच हेतू आहे.

4. सदर सिस्टरांची बदली रद्द व्हावी.

5. पावसाळ्यात 108 ची गाडी घाटाच्या वर उभी राहावी.

6. शेतकरी अपघात योजनेच्या प्रस्तावासाठी लागणारी विभागाकडील कागदपत्रे अडवून ठेवू नयेत.

7. साकवासाठी संबंधित विभागास शिफारस करावी.

8. संदर्भ क्र. 1 च्या मूळ निवेदनाची प्रमाणित प्रत तिच्या आईवडिलांना द्यावी.

आरोग्य केंद्राच्या प्रतीक्षालयाला तिचे नाव देण्याचा प्रस्ताव काही पदाधिकाऱ्यांकडून आल्याचे कळते. भावनेबद्दल आभार, पण तो आम्हांला मान्य नाही. ज्या जागी ती डॉक्टरांची वाट पाहत गेली, त्या जागेला तिचे नाव नको. तिच्यासाठी काही करायचेच असेल तर दर जुलैत आमच्या शाळेत सर्पदंशाचे शिबिर घ्यावे, आणि ते घ्यायला केंद्रातले डॉक्टर यावेत.

वरील मागणी क्र. 1 ते 3 वर 26 जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी लेखी कार्यवाही कळवावी. तसे न झाल्यास सात वाड्यांचे ग्रामस्थ त्याच दिवशी आपल्या कार्यालयाच्या दारात बेमुदत धरणे धरतील. होणाऱ्या परिणामांची जबाबदारी प्रशासनाची राहील. तोंडी आश्वासन यापुढे स्वीकारले जाणार नाही.

कळावे,

आपले विश्वासू,
सात वाड्यांचे समस्त ग्रामस्थ
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
1) मा. जिल्हाधिकारी
2) मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद
3) मा. आरोग्य उपसंचालक
4) तहसीलदार व पोलीस ठाणे, धरणे आंदोलनाची पूर्वसूचना म्हणून