गॅसचा गिझर पेटेना तर

नळ सोडूनही गिझर टकटक करीत नसेल, तर भगिनींनो, आधी त्यातले दोन्ही सेल बदलून पाहा. तरीही गप्पच? मग पाण्याला जोर नसेल. बोअरची रेती आत येणाऱ्या पाइपाच्या जाळीत बसते. गॅस व पाणी बंद करून जाळी काढा, दातांच्या जुन्या ब्रशने घासा. आमच्याकडे दोनदा तेच निघाले.

टकटक होते, पण ज्योत नाही? सिलिंडर पाहा.

ज्योत पिवळी दिसली तर मात्र गिझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोंदट न्हाणीघरात माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेतच बसवून घ्या. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच पोरांना आंघोळीला पाठवा.