गुरगुरण्याचा अर्थ

कुत्र्याच्या बाबतीत आपली भाषा फारशी उदार नाही. भुंकणारे कुत्रे चावत नाहीत, असे ती सांगते. आणि कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असेही बजावते. पहिली म्हण त्याच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवते, दुसरी त्याच्या सुधारण्याची आशा सोडून द्यायला. म्हणींचा रोख माणसांवर असतो, हे आम्ही जाणतो. तरीही घरातला कुत्रा पाहुण्यांवर गुरगुरू लागला, की हीच भाषा उपचाराची भाषा होऊन बसते. तो माजला आहे, त्याची जिरवली पाहिजे, त्याला वठणीवर आणले पाहिजे, अशी वाक्ये कानांवर येतात. निदान आणि शिक्षा दोन्ही एकाच क्रियापदात उरकतात. आमच्या मते ही वाचनातली चूक आहे. तिची किंमत कधी मार खाणारा, पुढे घराबाहेर काढला जाणारा कुत्रा मोजतो, तर कधी त्या घरातले लहान मूल.

या चुकीला काही काळ शास्त्राचाही आधार लाभला होता. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 साली जे लिहिले, त्यातून कळपातील वर्चस्वाच्या झगड्याचे चित्र उभे राहिले. डेव्हिड मेक यांच्या 1970 मधील ग्रंथाने ‘आल्फा’ लांडग्याची कल्पना सर्वदूर नेली. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. तेव्हा मालकाने ‘आल्फा’ व्हावे, कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, असा उपदेश त्यातून निघाला. पुढे मेक यांनीच मुक्त लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि 1999 साली स्पष्ट केले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंब असते. ही कल्पना सर्वदूर नेणाऱ्यानेच ती मागे घेतली. शिकवणाऱ्यांनी मात्र ती सोडली नाही.

मग गुरगुरणे म्हणजे काय? बहुतेक वेळा ते वर्चस्वाची घोषणा नसून अंतराची मागणी असते. त्याआधीही कुत्रा बरेच काही बोलून गेलेला असतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अवेळी जांभई देतो, अंग आक्रसतो, जागच्या जागी ताठरतो. हे कोणी वाचले नाही म्हणजे तो गुरगुरतो. तेही ऐकले गेले नाही म्हणजे दात लावतो. गुरगुरल्याबद्दल मार बसला, की कुत्रा गुरगुरायचे सोडतो, त्याची भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो, आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’ पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 मालकांची उत्तरे तपासली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथाडणाऱ्यांपैकी 43 टक्के मालकांनी कुत्रा त्यावर उलटल्याचे सांगितले. उताणे पाडण्याच्या उपायाबाबत हे प्रमाण 31 टक्के होते.

महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञात आलेल्या एका कुत्र्याला राजाचे भाऊ मारतात. तो रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जातो आणि सांगतो, की मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. सरमा जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. त्या कथेचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. आम्हांला येथे एवढेच दिसते, की मारलेल्या कुत्र्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले नाही, तर पुढचे भय अदृश्य होते. इशारा दडपलेला कुत्रा हे असेच न दिसणारे भय असते.

सौम्य मार्ग म्हणजे लाड नव्हे. त्याला शिस्त लागते. फक्त ती आधी माणसाला लागते. त्याचे मूळ गमतीने एका मुलाच्या कथेत आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, ती त्याला न रागावता. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, एवढीच रीत. मधल्या काळात पीटर आजारी पडला, इस्पितळातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी भीती परत आली. जोन्स यांनी पुन्हा आरंभ केला. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला.

कुत्र्याबाबतही हीच रीत आहे. परका माणूस दहा पावलांवर आला की कुत्रा भुंकत असेल, तर वीस पावलांवर आरंभ करावा. माणूस दिसला की उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा. तो दिसेनासा झाला की देणे थांबवावे. कुत्रा ताठरला तर अंतर वाढवावे. ताटलीवर गुरगुरणाऱ्याच्या ताटलीत हात घालू नये. लांबूनच जाता जाता अधिक चांगला घास टाकावा. दिवसभर साखळीला बांधणे बंद करावे. आणि सर्वांआधी पशुवैद्याला दाखवावे, कारण दुखरा कान किंवा सांधा हेही रागाचे कारण असते.

गुरगुरल्यावर खाऊ दिला तर तो गुरगुरायलाच शिकेल, असा आक्षेप घेतला जातो. खाऊ गुरगुरण्याचे बक्षीस म्हणून नसतो. तो गुरगुरण्याची वेळ येण्याआधी, सुरक्षित अंतरावर द्यायचा असतो. भीतीच्या जागी चांगल्याची अपेक्षा रुजली, की गुरगुरण्याचे कारणच उरत नाही. मात्र सगळी कुत्री पूर्ण बरी होतात, असा आमचा दावा नाही. काहींना जन्मभर पाहुण्यांपासून दूर ठेवावे लागते, बाहेर नेताना तोंडाला मुसके बांधावे लागते. मूल आणि असा कुत्रा यांना एकत्र एकटे सोडू नये. सौम्यपणात ही सावधगिरी येतेच.

हे साहित्याच्या शिक्षकांपुढे का मांडावे? कारण जिरवणे आणि वठणीवर आणणे ही क्रियापदे आपण वर्गातही वापरतो. जे कळले नाही त्याला उद्धटपणा म्हणून मोकळे होणे, हा वाचनातला आळस आहे. संहितेबाबत तो आपण विद्यार्थ्याला क्षमा करीत नाही. पुढच्या वेळी एखादे कुत्रे गुरगुरले, तर हात उगारण्याऐवजी एक पाऊल मागे घ्यावे आणि ते कशापासून अंतर मागत आहे ते पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.