बाईला दाखला मागू नका

या आठवड्यात पुन्हा तेच झालं. जोपूळ रोडला टोमॅटोच्या निवडीला जाणारी आमच्या गल्लीतली एक ताई मोफत वकिलासाठी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली. नवऱ्याने टाकलंय, दोन लेकरं पदरात आहेत, पोटगीचा दावा लावायचाय. टेबलामागच्या माणसाने अर्ज पुरता वाचलाही नाही. "आधी उत्पन्नाचा दाखला आणा," म्हणाला. दाखला काढायला गेली, तर तिथे रेशनकार्ड मागितलं. ते सासरी, नवऱ्याच्या कपाटात. ज्याच्यावर दावा लावायचा, कागदासाठी त्याचाच उंबरा झिजवायचा!

दाखल्यांच्या फेऱ्यांवर मी या सदरात बरेचदा लिहिलंय. या वेळचा संताप जास्त आहे, कारण हा दाखला मुळात लागतच नाही.

राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं 39-अ हे कलम 1976 साली आलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 पासून. त्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रातली वार्षिक 3 लाखांची अट इतरांसाठी आहे. वकिलाची फी आणि कोर्ट फीसुद्धा सरकार भरतं. आपल्यासाठी निफाडला तालुका विधी सेवा समिती आहे आणि फोन आहे 15100.

हे सगळं ताईला समजावत बसलो होतो. तिने मेडिकलच्या पिशवीतून कागद काढून ओट्यावर मांडले. लग्नपत्रिका, लेकरांचे आधारकार्ड, आणि तळाशी चार घड्या घातलेली एक झेरॉक्स. ती उलगडली तर हक्कसोड पत्र! "हे आमच्या द्राक्षबागेचं हाय भाऊ. आप्पा गेले तव्हा सही दिली. वारस लावायचेत म्हणले."

वारस लावायला हक्कसोड पत्र लागत नाही. वारसांचा अर्ज वेगळा, हक्क सोडणं वेगळं. वडील गेल्याच्या दुःखात, माहेरी घरात पाहुणे असताना, तिच्यापुढे कागद सरकवला गेला आणि बोट ठेवलं तिथे तिने सही केली. मोबदल्याच्या रकान्यापुढे लिहिलंय, "विनामोबदला".

आपल्या भागात हे घरोघर चालतं. महाराष्ट्राने 1994 साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला, देशाने 2005 साली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क तिला जन्मानेच मिळतो, 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. तरीही हिस्सा मागणारी बहीण आपल्याकडे माहेर तोडणारी ठरते. राखी, दिवाळी, लेकरांच्या लग्नातला मामाचा आहेर, हे सगळं त्या एका सहीवर टांगलेलं असतं. राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही आहेत, त्यांच्या मनाचा मोठेपणा मी मानतो. पण काय सोडतोय हे कळल्यावरच ती राजीखुशी. न सांगता घेतलेली सही ही फसवणूक आहे, मग घेणारा सख्खा भाऊ का असेना.

फसवून घेतलेला दस्त रद्द करायला दावा लावता येतो, पण फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत. ताईला ती परवा कळली. पोटगीसोबत हेही प्रकरण वकिलापुढे ठेवायचं ठरलंय. अर्जाच्या माथ्यावर आता "कलम 12, महिला अर्जदार" असं ठळक लिहिलंय.

बाजार समितीच्या फाटकावर, प्रत्येक तलाठी कार्यालयात एक पाटी लावा: मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कायद्याने मोफत सल्लाही याच मदतीत धरलाय, म्हणजे भांडण कोर्टात जायची वाट पाहायची गरज नाही. घर कितीही मोठ्या बागायतदाराचं असो, बहिणींनो, हक्कसोडीच्या कागदावर सही करण्याआधी 15100 ला फोन लावा. आणि भावांनो, तो फोन तुम्हीच लावून द्या.