शरीराचे शब्द आणि आपले शिक्षण

निवासी शाळेतील मूल आजारी पडते तेव्हा त्याच्या उशाशी आई नसते. आपले दुखणे त्याला स्वतःच सांगावे लागते. ‘पोटात दुखते’ एवढेच एक मूल सांगते. दुसरे सांगते, ‘आधी बेंबीभोवती दुखत होते, आता उजवीकडे खाली दुखते.’ हे दुसरे बोलणे ऐकताच डॉक्टरांना आंत्रपुच्छाच्या दाहाची, म्हणजेच अपेंडिसायटिसची शंका येते आणि मोलाचा वेळ वाचतो. म्हणून शरीराची व वैद्यकाची प्राथमिक परिभाषा ही केवळ डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांची गरज नसून ती सर्वांच्या शिक्षणाचा भाग असावी, असे आम्हां माजी विद्यार्थ्यांना वाटते.

ही परिभाषा दुर्गम नाही. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आले की दाह समजावा. हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा, नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडाचा. ‘हायपर’ म्हणजे अधिक, ‘हायपो’ म्हणजे उणे. रक्तातील साखर वाढणे आणि घटणे यांच्या नावांत एवढाच फरक असतो. उपचार मात्र परस्परविरुद्ध असतात.

आपल्या समाजाला तर या ज्ञानाची निकड आहे. विदर्भात अनुसूचित जाती-जमातींमध्ये, बौद्ध कुटुंबांतही, सिकलसेल आढळतो. अहवालातील ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. परंतु दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही दोन अक्षरे न उमगल्यास एखादे घर विनाकारण धास्तावते, तर एखादे घर गाफील राहते.

याहून कठीण अडसर लाजेचा आहे. ज्या अवयवाचे नाव उच्चारता येत नाही, त्याची वेदना सांगता येत नाही. गर्भाशय, मासिक पाळी हे शब्द न अडखळता बोलणारी मुलगी आपले दुखणे वर्षानुवर्षे लपवीत नाही. पाली ‘खुद्दकपाठा’त शरीराचे बत्तीस भाग नावानिशी सांगितले आहेत, त्यांत हृदय, यकृत, प्लीहा, फुप्फुस आहेत, तसेच पू आणि मूत्रही आहे. तेथील हेतू देहासक्ती सुटावी हा. तथापि देहाकडे संकोच न बाळगता पाहण्याची ती शिस्त आम्हांला आजही अनुकरणीय वाटते.

म्हणून आमची सूचना अशी: इयत्ता आठवीपासून आठवड्यातून एक तासिका यासाठी राखावी आणि वर्षाकाठी शंभर शब्द मराठी व इंग्रजीत अर्थासह शिकवावेत. आपले जे माजी विद्यार्थी डॉक्टर, परिचारिका वा औषधनिर्माते झाले आहेत, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाकडून पालकांनी आजीच्या औषधाची चिठ्ठी वाचून घ्यावी. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, हे त्याला सांगता आले पाहिजे.

शंभर शब्दांनी कोणी वैद्य होत नाही, व्हायचेही नाही. पण डॉक्टरांसमोर मान खाली घालून नुसते ‘हो’ म्हणणारा माणूस त्या शब्दांच्या बळावर ‘म्हणजे काय?’ असे विचारू लागतो. शिक्षणाने आम्हांला प्रश्न विचारायला शिकवले. आता तो प्रश्न दवाखान्याच्या दारातही विचारता यावा.