नवा धनी

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. वर्गणी भरा, नाही तर वाट धरा!

एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याची कल्पना नवी नव्हे. आयबीएमने १९७२ मध्येच ती मेनफ्रेमसाठी बाजारात आणली होती. व्हीएमवेअरने ती साध्या सर्व्हरवर रुजविली. पुढे साठवणूकही सॉफ्टवेअरच्या हाती गेली. सर्व्हरांतील सुट्या डिस्क गुंफून एकच साठा करावयाचा, माहितीच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवावयाच्या. एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडत नाही. महागड्या साठवण-यंत्रांच्या विक्रेत्यांची पकड त्यामुळे ढिली झाली, हे खरेच. पण यंत्रे आणि साठा दोन्ही एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करताना आपण केवळ धनी बदलीत आहोत, हे डेटा सेंटरच्या रचनाकारांनी ओळखावयास हवे होते.

केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. साठवणुकीसाठी सेफ आहे. दोन्ही खुली, पण फुकट मात्र नव्हेत. जाणकार माणसे पदरी बाळगावी लागतात, आणि मध्यरात्री सेफचा बिघाड निस्तरणारा सहजी मिळत नाही. तरीही तो खर्च आपल्याच माणसांवर होतो. निदान नव्या आराखड्यात साठ्याचा आणि आभासी यंत्रांचा पुरवठादार वेगळा ठेवावा. आणि स्थलांतराची तालीम वर्गणीची मुदत संपण्यापूर्वीच करून पाहावी.